चार जुलैचा कार्यक्रम: पाठ असलेली गाणी कॉयरकडून बिनचूक कशी बसवायची

देशभक्तिपर आणि लोकप्रिय अमेरिकन गाण्यांचा कार्यक्रम गावच्या कॉयरला, म्हणजे समूहगायनाच्या मंडळाला, सोपा वाटतो, कारण गाणी सगळ्यांना पाठ असतात. बिघडतं ते नेमकं त्यामुळेच. अनोळखी गाणं माणूस कागदावर बघून गातो. पाठ असलेलं गाणं शाळेत, चर्चमध्ये किंवा बॉलगेमला जसं ऐकलं तसं गातो. चाळीस जणांनी ते चाळीस ठिकाणी ऐकलेलं असतं. शब्द वेगळे, लय वेगळी, थांबण्याच्या जागा वेगळ्या. त्यामुळे या कार्यक्रमाची अर्धी मेहनत नवीन शिकवण्यात जाते आणि अर्धी जुनं पुसण्यात.

खालचा सगळा हिशेब अमेरिकेतल्या एका साध्या कॉयरला धरून केला आहे: चाळीस हौशी गायक, एक पियानो, बागेतला उघडा मंच, चार जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ, तासाभराचा कार्यक्रम. मेमोरियल डे किंवा व्हेटरन्स डे या सैनिकांच्या दिवसांसाठी काय बदलायचं ते त्या त्या जागी दिलं आहे.

१. आधी माणसं मोजा, मग गाणी निवडा

बहुतेक समित्या उलटं करतात. गाण्यांची यादी मार्चमध्येच ठरते आणि टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) किती आहेत ते जूनमध्ये कळतं. चार जुलैच्या आठवड्यात लोक गावाला जातात, त्यात शाळा सुटलेल्या असतात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाकडून लेखी घ्या: कार्यक्रमाला नक्की आहे का, रंगीत तालमीला आहे का, आणि मधल्या कुठल्या तालमी चुकणार.

मग आवाजांप्रमाणे मोजा. गावच्या कॉयरमध्ये सोळा सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज), चौदा आल्टो (बायकांचा खालचा), सहा बास (पुरुषांचा खालचा) आणि चारच टेनर असणं अगदी नेहमीचं आहे. टेनर चार किंवा जास्त असतील तर चार आवाजांची बांधणी (कुठल्या आवाजाने काय गायचं याची मांडणी) चालेल, फक्त त्यांना पुढच्या रांगेत मधोमध उभं करा. तीन किंवा कमी असतील तर हट्ट सोडा आणि सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांचा एकच आवाज अशी तीन आवाजांची बांधणी घ्या. एखाद्या खालच्या आल्टोला टेनरची ओळ द्यायची तर तिला ती पहिल्या तालमीलाच द्या, शेवटच्या आठवड्यात नको.

तपासा: कार्यक्रमाच्या दिवशी नक्की असणाऱ्यांचीच संख्या धरली आहे ना? "बहुतेक येईन" म्हणणाऱ्याला शून्य धरा.

२. गाण्यांचे हक्क: "जुनं आहे म्हणजे फुकट" हे अर्धसत्य

अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गाण्याला प्रसिद्धीपासून जास्तीत जास्त ९५ वर्षं कॉपीराइटचं संरक्षण मिळतं. म्हणजे २०२६ साली १९३० पर्यंतची गाणी मुक्त आहेत. त्यामुळे हे तीन ढीग करा.

पहिला ढीग मुक्त गाण्यांचा. राष्ट्रगीत 'द स्टार-स्पॅंगल्ड बॅनर', कॅथरीन ली बेट्सचे शब्द आणि सॅम्युएल वॉर्डची चाल असलेलं 'अमेरिका द ब्युटिफुल', १८३१ मधलं 'माय कंट्री, टिज ऑफ दी', ज्युलिया वॉर्ड हाउचं 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक', जॉर्ज कोहॅनचं १९०६ मधलं 'यू आर अ ग्रँड ओल्ड फ्लॅग', जॉन्सन बंधूंचं 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग', १९०८ मधलं 'टेक मी आउट टू द बॉल गेम', लोकगीतांतलं 'शेनॅन्डोआ', स्टीफन फॉस्टरची गाणी. 'जॉर्जिया ऑन माय माइंड' आणि 'आय गॉट रिदम' ही दोन्ही १९३० सालची आहेत, त्यामुळे तीही आता याच ढिगात आली.

दुसरा ढीग संरक्षित गाण्यांचा. 'गॉड ब्लेस अमेरिका' इथे सगळ्यांना फसवतं. अर्व्हिंग बर्लिनने ते १९१८ मध्ये लिहिलं, पण सुधारून बाहेर काढलं १९३८ मध्ये. म्हणून ते २०३४ च्या आधी मुक्त होत नाही. वुडी गथ्रीच्या १९४० मधल्या 'दिस लँड इज युवर लँड'च्या हक्कांवर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. ते संरक्षित आहे असंच धरून चाला.

तिसरा ढीग सगळ्यात धोक्याचा: मुक्त गाणं, पण संरक्षित बांधणी. 'बॅटल हिम'ची चाल मुक्त आहे, पण कॉयर ज्यावर जीव टाकतात ती पीटर विलहाउस्कीची बांधणी विसाव्या शतकातली आहे. 'सिंपल गिफ्ट्स' हे १८४८ मधलं शेकर या ख्रिस्ती पंथाचं गीत मुक्त आहे, ॲरन कोपलँडने केलेली त्याची मांडणी नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात हक्काची ओळ असते, ती वाचा.

खर्चाचा अंदाज असा: छापील कॉयरप्रत साधारण दोन ते चार डॉलरला पडते. आठ गाणी, चाळीस प्रती, तीन डॉलरच्या हिशेबाने ९६० डॉलर. म्हणून चौदातली सहा गाणी पहिल्या ढिगातली ठेवा. त्यांच्या मोफत प्रती कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर मिळतात. एक प्रत विकत घेऊन एकोणचाळीस झेरॉक्स काढणं हा बेकायदा प्रकार आहे, मग कॉयर कितीही गरीब असो.

आता जाहीर सादरीकरणाचा परवाना. बाग नगरपालिकेची असेल तर तिचा सादरीकरणाचे हक्क सांभाळणाऱ्या ॲस्कॅप, बीएमआय अशा संस्थांशी आधीच करार असू शकतो, म्हणून पहिला फोन तिथे करा. कायद्यात एक सूटही आहे: नफ्याचा हेतू नाही, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या-आयोजकांपैकी कुणालाही मानधन नाही आणि तिकीट नाही, तर सादरीकरणाला परवाना लागत नाही. पियानोवाल्याला शंभर डॉलरचं पाकीट दिलं की ही सूट गेली. ही गोष्ट खजिनदाराला माहीत नसते आणि पाकीट तोच देतो.

सावधान: ही सूट फक्त प्रत्यक्ष गाण्यापुरती आहे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणं वेगळं आणि कार्यक्रमपत्रिकेत शब्द छापणं वेगळं. श्रोत्यांनी सोबत गावं म्हणून 'गॉड ब्लेस अमेरिका'चे शब्द छापायचे तर त्याचीही परवानगी लागते.

दोन गोष्टी हक्कांच्या नाहीत, जाणतेपणाच्या आहेत. फॉस्टरची काही गाणी गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून केलेल्या खेळांसाठी लिहिली गेली. 'ओ! सुझाना'च्या मूळ कडव्यांत अतिशय घाणेरडे शब्द आहेत. जुन्या पुस्तकातून प्रत काढताना सगळी कडवी वाचा. आणि 'डिक्सी' घेऊ नका. चाल झकास आहे, पण गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचं ते गीत आहे, आणि समोर बसलेल्या निम्म्या लोकांना तेच ऐकू येतं.

३. क्रम लावणं

उघड्यावर मध्यंतर ठेवू नका, गेलेले लोक परत येत नाहीत. चौदा गाणी, सरासरी तीन मिनिटं म्हणजे ४२ मिनिटं. टाळ्या आणि निवेदन मिळून प्रत्येक गाण्यामागे पाऊण मिनिट धरलं की आणखी साडेदहा. पाच-सात मिनिटं हाताशी राहतात, ती लागतातच. नंतर आतषबाजी असेल तर तिच्या वीस मिनिटं आधी तुमचं संपलं पाहिजे.

राष्ट्रगीत पहिलं. मग लगेच एक जोमदार गाणं, कारण लोक उभे असतात, सावरून बसत असतात आणि त्या गडबडीत हळुवार गाणं वाया जातं. 'शेनॅन्डोआ'सारखं पियानोशिवाय गायचं गाणं चौथ्या-पाचव्या जागी ठेवा, तोवर आवाज तापलेला असतो आणि दमलेला नसतो. सलग दोन संथ गाणी चालतील, तिसरं संथ आलं की लोक खुर्च्या घड्या करायला लागतात. श्रोत्यांना सोबत घ्यायची गाणी दोन किंवा तीन, एकत्र नको. त्यासाठी 'माय कंट्री' सर्वांत सोयीचं: अख्खं गाणं सात स्वरांच्या आत आहे. चाल ब्रिटिश राष्ट्रगीताचीच, त्यामुळे भारतातून आलेल्या वयस्कर पाहुण्यांच्याही कानावरची असते. 'अमेरिका द ब्युटिफुल' नऊ स्वरांत बसतं, तेही श्रोत्यांना झेपतं.

सैन्यदलांच्या गीतांची मेडली (एकामागून एक जोडलेली गीतं) घेणार असाल तर तीन गोष्टी आधी बघा. छापील मेडलीतला क्रम अधिकृत क्रमासारखा असेलच असं नाही. अधिकृत क्रम लष्कर, मरीन कोअर, नौदल, हवाई दल, स्पेस फोर्स, कोस्ट गार्ड असा आहे. बऱ्याच मेडलींमध्ये तो मुद्दाम बदललेला असतो, म्हणून निवेदकाच्या कागदावर मेडलीतलाच क्रम उतरवा. दुसरं, जुन्या प्रतींत स्पेस फोर्स नाही. ते दल २०१९ च्या डिसेंबरात स्थापन झालं आणि त्याचं गीत २०२२ मध्ये ठरलं. त्या दलाचं नाव निवेदनात वेगळं घ्या. तिसरं, माजी सैनिकांना आपापल्या गीताला उभं राहायचं असतं, हे मेडली सुरू होण्याआधी सांगा, मध्ये बोलू नका. मेमोरियल डेला मात्र ही मेडली टाळलेली बरी. तो दिवस मेलेल्या सैनिकांचा आहे, जिवंतांना सलाम करायला व्हेटरन्स डे आहे. अनेक कॉयर हा फरक पाळत नाहीत, पण सैनिकांच्या घरच्यांच्या तो लगेच लक्षात येतो.

४. राष्ट्रगीत: याला बाकी कुठल्याही गाण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या

सरगम येणाऱ्याला या गाण्याची अडचण एका वाक्यात सांगता येते: ते मध्य षड्जापासून थेट तार पंचमापर्यंत जातं. बारा स्वर. श्रोत्यांनी हेच गाणं सोबत गावं अशीही अपेक्षा असते.

पट्टी. छापील प्रत बहुधा बी फ्लॅटमध्ये असते, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. तेव्हा वरचा पंचम एफवर जातो आणि अप्रशिक्षित आवाज तिथे किंचाळतात. ए फ्लॅट, म्हणजे काळी चार घेतली तर तो ई फ्लॅटवर येतो. श्रोते गाणार असतील तर ए फ्लॅटच घ्या. जी, म्हणजे पांढरी पाच, आणखी सोपी वाटते, पण खालचा षड्ज सोप्रानोंना ऐकू येण्याइतका लागत नाही, आणि गाणं दुसऱ्या शब्दालाच त्या षड्जावर उतरतं.

पहिला स्वर. गाणं षड्जावर सुरू होत नाही, पंचमावर होतं: प ग सा, ग प सां. पियानोवाल्याने नुसता षड्ज दिला आणि कॉयरने त्यालाच पहिला स्वर धरला, तर सगळं गाणं चार स्वर वर सरकतं आणि वरचा स्वर कुणालाच लागत नाही. ही चूक मोठमोठ्या मैदानांवर होते. उपाय: पियानोने पूर्ण स्वरसंघ (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) वाजवायचा, मग एकटा पंचम, मग श्वास, मग सुरुवात. प्रत्येक तालमीत हेच, याच क्रमाने.

तीव्र मध्यम. पहिल्या ओळीच्या उत्तरार्धात चाल गं रें सां वरून एकदम खाली ग वर पडते आणि तीव्र मध्यमावरून पंचमावर बसते. 'लाइट', 'फाइट' आणि 'देअर' या तीन शब्दांच्या लगेच आधी हा स्वर येतो. निम्मं कॉयर तिथे शुद्ध आणि तीव्र यांच्या मधलं काहीतरी गातं. लय काढून टाका, फक्त "सां ग तीव्र म प" दहा वेळा संथ घ्या. मराठी गायकांना हे चटकन कळतं, बाकीच्यांना पियानोवर दाखवा.

लय. पहिल्या दोन स्वरांची विभागणी दोन प्रकारे छापलेली आढळते: सारखी, किंवा पहिला लांब आणि दुसरा आखूड. दोन्ही चालतात, एक ठरवा. संपूर्ण कडवं दीड मिनिटाच्या आत संपलं पाहिजे. दोन मिनिटं लागत असतील तर कुणीतरी रडवेलं करतंय.

वरचा स्वर. शेवटच्या ओळीत 'फ्री'वर थांबा घेण्याची पद्धत आहे. घ्यायचा असेल तर किती मात्रा ते आकड्यात ठरवा. एकल गायक तिथे आणखी वर उडी मारतात, कॉयरने मारायची नाही. आणि आधीच्या 'वेव्ह'नंतर सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नका. शेजाऱ्याने घेतला की आपण थांबायचं.

तपासा: पियानो बंद करून राष्ट्रगीत गा, शेवटच्या स्वरावर पियानो वाजवा. उतरलात का? पाव स्वरापेक्षा जास्त उतरलं तर वरच्या स्वरांचा दोष बहुधा नसतो. खालचे स्वर पडतात, म्हणून तेच आधी दुरुस्त करा.

५. दहा तालमी

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत आठवड्याला एक, दोन तासांची. मेमोरियल डेचा आठवडा सोडा, नाहीतरी कुणी येत नाही.

पहिल्या तालमीत पेन्सिली वाटा आणि "प्रत हातातच" हा नियम करा. पाठ असलं तरी. पाठ गाणाऱ्याला आपण चुकतोय हे कळतच नाही.

पहिल्या तीन तालमींत सगळी गाणी एकेकदा उलगडा, प्रत्येक आवाज वेगळा बसवून. चौथी ते सातवी ही खरी कामाची: प्रत्येक तालमीत चार गाणी, त्यांतली अवघड जागा आधी, मग पूर्ण गाणं. आठवीत प्रत खाली ठेवून गाऊन बघा आणि जिथे अडखळता तिथे खूण करा. नववीत कार्यक्रमाच्या क्रमाने, न थांबता, निवेदनासकट. दहावी शक्य असल्यास त्याच मंचावर, त्याच वेळेला. उघड्यावरचा सराव हॉलमध्ये होत नाही.

ठरलेल्या चुका सांगून ठेवतो, म्हणजे त्यांची वाट बघता येईल.

'अमेरिका द ब्युटिफुल'च्या पहिल्या आणि चौथ्या कडव्याचा शेवट एकच आहे, दुसऱ्या-तिसऱ्याचा वेगळा. दुसरं कडवं गाताना अर्धं कॉयर सवयीने पहिल्याच्या शेवटात शिरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात 'अमेरिका' हा शब्द दोनदा झाल्यावरचे पहिले दोन शब्द गोल करून ठेवा.

'बॅटल हिम'च्या शेवटच्या कडव्यात मूळ शब्द 'डाय' आहे, अनेक नव्या प्रतींत 'लिव्ह' केला आहे. दोन्ही शब्द एकाच वेळी ऐकू आले तर गाण्याच्या सर्वांत गंभीर जागी श्रोते हसू दाबतात. पहिल्या तालमीतच ठरवा. या गाण्याच्या लयीत लांब-आखूड जोड्या आहेत, त्या दमल्यावर तिसऱ्या कडव्यापर्यंत सपाट होतात आणि कूच थांबतं. टाळी वाजवत नुसते शब्द बोलून घ्या.

'टेक मी आउट टू द बॉल गेम'मध्ये श्रोते दर वेळी पुढे पळतात. कंडक्टरने (हाताने ताल दाखवणाऱ्याने) त्यांच्याकडे तोंड करून तीनच्या तालात पहिला ठोका मोठा दाखवायचा आणि कॉयरने स्वतःच्या ठोक्यावर राहायचं. त्यांच्यामागे धावलात की पियानो एकटा पडतो.

'शेनॅन्डोआ' पियानोशिवाय असेल तर अर्धा स्वर उतरणं जवळपास ठरलेलं. ज्यांना तंबोऱ्याची सवय आहे त्यांना इथे आधार नसल्यासारखं होतं. तालमीत एका बासला षड्ज धरून ठेवायला सांगा, नंतर काढून घ्या.

सावधान: मोबाइलवर दिलेल्या सरावाच्या ट्रॅकवर विसंबून आलेला गायक कंडक्टरकडे बघत नाही, कारण ट्रॅक कधी थांबत नाही. पाचव्या तालमीनंतर ट्रॅक बंद करायला सांगा.

६. मराठी गळ्यासाठी खास

सुगम संगीत, नाट्यगीतं, भजनं गायलेला माणूस कॉयरमध्ये आला की सूर पक्का असतो, त्रास होतो तो इतर सवयींचा.

मींड. दोन स्वरांमध्ये घसरत जाणं आपल्याकडे सौंदर्य आहे. चार आवाजांच्या स्वरसंघात एक आवाज घसरला की तेवढा वेळ सगळ्यांचं बेसूर ऐकू येतं. स्वर ठोक्यावर पकडा आणि ठोक्यावर सोडा. हरकती, मुरक्या शून्य.

आपली पट्टी. "मी काळी एकमध्ये गातो" याला इथे अर्थ नाही. प्रत्येक गाण्यात षड्ज बदलतो, काही गाण्यांत मध्येच. प्रत्येक गाण्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपला पहिला स्वर सरगममध्ये लिहा. स्टाफवरचं, म्हणजे पाच रेषांच्या स्वरलिपीचं, वाचन कच्चं असलेल्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते.

व. मराठी 'व' हा इंग्रजीतल्या दोन आवाजांच्या मधला आहे. 'वेव्ह', 'वी', 'वॉर' सुरू होताना ओठ गोल, दात लागायचे नाहीत. 'ब्रेव्ह', 'एव्हरी', 'व्हॉइस' मध्ये वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. राष्ट्रगीताचा शेवटचा शब्दच 'ब्रेव्ह' आहे. तिथे पाच जणांनी नुसते ओठ गोल केले तरी ऐकू येतं.

ट आणि ड. जीभ टाळूला मागे नेऊ नका, दातांच्या मागच्या उंचवट्याला लावा. 'लँड'चा शेवट कंडक्टरच्या हाताबरोबर, सगळ्यांचा एकदम.

लांब स्वर. 'स्काइज', 'लाइट', 'प्राइड' असे शब्द लांबवताना 'आ' धरा आणि 'ई' अगदी सोडताना लावा. आपण उलट करतो आणि अख्खी मात्रा 'ई'वर काढतो. 'स्टार', 'फार' मधला र अमेरिकन गायकांनाही मऊ करायला सांगितलं जातं. तुम्ही तो कुरवाळू नका, फिरवूही नका.

७. मंच, झेंडा, आवाज

झेंड्याचे नियम अमेरिकेच्या फ्लॅग कोडमध्ये स्पष्ट आहेत. मंचावर काठीचा झेंडा वक्त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डाव्या बाजूला. भिंतीवर सपाट लावला तर ताऱ्यांचा निळा भाग वर आणि बघणाऱ्याच्या डावीकडे, मग झेंडा आडवा असो की उभा. मंचाची कड सजवायला झेंडा वापरायचा नाही, पट्ट्यांचं कापड वापरायचं, आणि त्यात निळा वर, पांढरा मध्ये, लाल खाली. झेंड्याचे कपडे करू नयेत असंही त्यात आहे, तेव्हा साड्या-सदरे निळे, लाल, पांढरे ठेवा, ताऱ्यापट्ट्यांचे नको. सोबत तिरंगा लावायचा असेल तर दोन वेगळ्या काठ्या, सारखी उंची, साधारण सारखा आकार.

ध्वजपथक हवं असेल तर अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांना किंवा स्काउट्सना महिना-दीड महिना आधी विचारा. चार जुलैला ते सगळीकडे हवे असतात. क्रम असा: लोकांना उभं राहण्याची विनंती, पथक येतं, थांबतं, मग राष्ट्रगीत. पथक चालत असतानाच पियानो सुरू होणं ही नेहमीची गफलत. पथकप्रमुखाने मान हलवल्यावर सुरुवात, हे पियानोवाल्याला आदल्या दिवशीच सांगा.

राष्ट्रगीताच्या वेळी श्रोत्यांनी झेंड्याकडे तोंड करून, उजवा हात छातीवर ठेवून उभं राहायचं असतं. गणवेशात नसलेल्या पुरुषांनी टोपी काढायची. भारतातून आलेले आईवडील आपण काय करायचं असं विचारतात. शांत, सरळ उभं राहावं, एवढं पुरे.

आवाजाचं गणित. चाळीस जण तीन रांगांत म्हणजे रांगेला तेरा-चौदा. माणशी २२ इंच धरले तर मंचावर सुमारे २५ फूट रुंदी लागते. तीन कंडेन्सर माइक, पहिल्या रांगेच्या तीन फूट पुढे, डोक्यांच्या दोन-तीन फूट वर, मागच्या रांगेकडे रोखलेले. दोन माइकमधलं अंतर गायकापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट, म्हणजे नऊ फूट. जवळ लावले तर आवाज पोकळ येतो. माइक वाढवून आवाज वाढत नाही, शिट्टी वाढते. मॉनिटरमध्ये (गायकांकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये) फक्त पियानो द्या, कॉयरचा आवाज कॉयरकडे परत पाठवू नका.

उघड्यावर स्वतःचा आवाज परत येत नाही, म्हणून प्रत्येक जण जोर लावतो आणि चौथ्या गाण्याला घसा बसतो. कंडक्टरने हे दहाव्या तालमीत सांगितलं नाही तर कार्यक्रमात सांगून उपयोग नसतो.

वाऱ्यासाठी प्रत्येक फोल्डरला दोन कपड्यांचे चिमटे. पियानोच्या स्वरलिपीला चार. उजेड गेल्यावरसाठी स्टँडला लावायचे दिवे, नवीन सेलसह.

८. कार्यक्रमाचा दिवस

सातचा कार्यक्रम धरला तर: साडेचारला मंच आणि पियानो, सव्वापाचला पियानो-माइकची चाचणी, साडेपाच ते सव्वासहा कॉयर. या पाऊण तासात पूर्ण गाणी गायची नाहीत. प्रत्येक गाण्याची सुरुवात, पट्टी बदलण्याची जागा आणि शेवट, एवढंच. राष्ट्रगीत एकदाच पूर्ण. मग सावलीत बसा, पाणी प्या, केळं खा. दूध-चीज नको, घशात चिकटतं. दहा मिनिटं आधी रांगेत.

पावसाचा निर्णय दुपारी तीनला, एकाच माणसाने घ्यायचा आणि सगळ्यांना एकाच निरोपाने कळवायचा. वीज हा वेगळा विषय आहे: गडगडाट ऐकू आला की मंच रिकामा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत चढायचं नाही. लोखंडी पायऱ्यांवर चाळीस माणसं उभी आहेत हे विसरू नका.

तपासा, रांगेत उभं राहण्याआधी: फोल्डर क्रमाने लावलं? पहिली प्रत राष्ट्रगीताचीच आहे? फोन बंद? पियानोवाल्याला पहिला पंचम माहीत आहे? निवेदकाच्या कागदावर गीतकार आणि संगीतकारांची नावं आहेत?

गाताना चूक झाली तर मान हलवू नका, शेजाऱ्याकडे बघू नका. श्रोत्यांना चूक ऐकू येत नाही, चेहरा दिसतो. कडवं चुकलं तर सगळ्यांनी पहिल्या सोप्रानोच्या पाठोपाठ जायचं, हे आधी ठरवून ठेवा. कोण बरोबर आहे हे त्या क्षणी महत्त्वाचं नाही.

९. त्याच रात्री

मंचावरून उतरतानाच फोल्डर गोळा करा, दारात एक माणूस यादी घेऊन उभा. घरी गेलेल्या प्रतीतली प्रत्येक पाचवी परत येत नाही असं धरा आणि पुढच्या वर्षी तेवढ्या विकत घ्याव्या लागतील हे लक्षात ठेवा. भाड्याने आणलेल्या प्रती असतील तर पेन्सिलीच्या खुणा खोडून द्याव्या लागतात, म्हणून पहिल्या तालमीत पेन दिसलं की काढून घ्या. परवाना घेतला असेल तर गायलेल्या गाण्यांची यादी, बांधणी करणाऱ्यांच्या नावांसकट, आठवड्याभरात पाठवा. आणि कंडक्टरच्या प्रतीवर प्रत्येक गाण्याला प्रत्यक्ष किती वेळ लागला ते त्याच रात्री लिहा. टाळ्या धरून.